सीएफ असताना बाळंतपण: ठाणे-नवी मुंबईतल्या मुलींसाठी पायरीपायरीने

मला सीएफ आहे, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस: अंगातले स्राव घट्ट करून फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा जन्मजात जनुकीय आजार. आणि मला एक मुलगी आहे. घर ऐरोलीत, सीएफचे डॉक्टर परळला, गायनॅक नवी मुंबईत, अशी धावपळ करत ते बाळंतपण पार पडलं. त्या वेळी मराठीत वाचायला माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं. लग्न ठरलेल्या, मुलाचा विचार करणाऱ्या किंवा नुकतेच दिवस राहिलेल्या सीएफच्या मुलींना माझ्याइतकं चाचपडायला लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्या बाबतीत बाळाची तब्येत आईची फुप्फुसं आणि आईचं वजन यांवर उभी असते. घरचे, शेजारचे, कधीकधी सीएफ फारसा न पाहिलेले डॉक्टरही सांगतात, ‘आता दोन जिवांची आहेस, एवढ्या गोळ्या नको घेऊस.’ हे प्रेमापोटी असतं, पण ऐकू नका. काही औषधं खरंच बदलावी लागतात. मात्र कुठली, केव्हा आणि त्यांच्या जागी काय घ्यायचं, हे तुमच्या सीएफच्या डॉक्टरांनी ठरवायचं. परस्पर बंद केलेलं औषध बाळालाच महागात पडतं.

१. मूल होईल का?

बहुतेकींना होतं. ‘सीएफवाल्यांना मुलं होत नाहीत’ हे लोक ऐकतात ते मुख्यतः पुरुषांबद्दलचं असतं. सीएफ असलेल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांमध्ये शुक्राणू वाहून नेणारी नळी तयारच झालेली नसते. आपल्यात गर्भाशय, नळ्या, अंडाशय सगळं जागच्या जागी असतं. गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव मात्र घट्ट असतो, आणि वजन फार कमी असेल तर पाळी अनियमित होते. त्यामुळे काहींना वेळ लागतो. काही महिने वाट पाहून दिवस राहिले नाहीत तर वर्षानुवर्षं थांबू नका, वंध्यत्वतज्ज्ञांना दाखवा. आययूआयमध्ये वीर्य थेट गर्भाशयात सोडतात, म्हणजे घट्ट स्रावाचा अडथळाच टळतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मॉड्युलेटर गोळ्या (सीएफमधल्या सदोष प्रथिनाचं कामच सुधारणारी नवी औषधं) सुरू झाल्यावर वर्षानुवर्षं दिवस न राहिलेल्या बायकांनाही पटकन दिवस गेले आहेत. आत्ता मूल नको असेल तर ‘मला काही होत नाही’ या भरवशावर राहू नका.

२. दिवस राहण्याआधीच्या तपासण्या

शक्य असेल तर प्रयत्न सुरू करण्याच्या सहा महिने आधी सीएफच्या डॉक्टरांसमोर नवऱ्यालाही घेऊन बसा. साधारण या तपासण्या होतात:

- पीएफटी, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी. त्यातला एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने किती हवा बाहेर पडते) हा आकडा महत्त्वाचा. तो ५०-६० टक्क्यांच्या वर असेल तर डॉक्टर जरा निर्धास्त असतात. त्याखाली असलेल्या बायकांचीही बाळंतपणं नीट झाली आहेत, पण बाळ लवकर जन्मण्याचा धोका वाढतो. आकडा काही महिने स्थिर आहे की घसरतो आहे, तेही तितकंच पाहतात.
- थुंकीचा कल्चर रिपोर्ट, त्यात बुरशी आणि टीबीच्या जातकुळीतले जंतूही.
- टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढलेला असेल तर गरोदरपण जिवावर बेतू शकतं. हा रिपोर्ट टाळू नका.
- ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी.
- लिव्हरचे रिपोर्ट आणि पोटाची सोनोग्राफी.
- ए, डी, ई जीवनसत्त्वांची पातळी आणि के-साठी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी.
- बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन. सीएफच्या बायकांसाठी २२ किंवा त्याहून जास्त असावा असं धरतात. आपल्याकडे सडपातळ मुलीचं कौतुक होतं, पण इथे दोन-चार किलो आधीच जमवलेले बरे.

फुप्फुसाचं प्रत्यारोपण झालेलं असेल तर हिशेबच वेगळा. तिथे किमान दोन वर्षं थांबायला सांगतात आणि काही औषधं आधीच बदलावी लागतात.

३. नवऱ्याची जनुक तपासणी

सीएफ होतो तो सीएफटीआर नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे. आपल्यात त्याच्या दोन्ही प्रती सदोष असतात, म्हणून आपलं प्रत्येक मूल निदान वाहक (एकच प्रत सदोष असलेलं) तरी असतंच. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे. नवरासुद्धा वाहक असेल तर मात्र प्रत्येक खेपेला बाळाला सीएफ होण्याची शक्यता निम्मी असते.

इथे फसायला होतं. काही लॅब फक्त डेल्टा एफ-५०८ हा एकच बदल, किंवा युरोपात जास्त सापडणारे मोजके बदल तपासतात आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहितात. या जनुकात दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले आहेत आणि भारतीय रुग्णांमध्ये डेल्टा एफ-५०८ चं प्रमाण युरोपपेक्षा कमी आहे. तेव्हा नवऱ्याचं संपूर्ण जनुकाचं सिक्वेन्सिंग मागा. नमुना देण्याआधी लॅबला स्पष्ट विचारा: पूर्ण जनुक बघणार का? रिपोर्ट जेनेटिक काउन्सेलरकडून समजून घ्या.

नात्यात लग्न झालं असेल, आतेभाऊ-मामेबहीण असं, तर ही तपासणी नक्की करा. दोघांच्या घरात तोच बदल उतरलेला असण्याची शक्यता जास्त असते. आणि सासरी हा विषय नवऱ्याने काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘तुमच्या मुलाचं रक्त तपासायचंय’ हे सुनेच्या तोंडून आलं की उगाच वाद होतो.

नवरा वाहक निघाला तर पुढचे रस्ते असे: आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब पद्धत) करून गर्भाची आधीच तपासणी, किंवा दिवस राहिल्यावर ११ ते १४ आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा बारीक नमुना घेऊन तपासणी), नाहीतर १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणी. कुठलीच तपासणी न करता जन्मानंतर बघणं हाही निर्णयच आहे. तो तुमचा दोघांचा.

४. दोन डॉक्टर, एक फाइल

जवळच्या नर्सिंग होममध्ये नाव घालून ‘पुढचं पुढे बघू’ असं करू नका. हाय-रिस्क बाळंतपणं करणारे गायनॅक हवेत, आणि त्यांनी तुमच्या सीएफच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला तयार असायला हवं. पहिल्या भेटीतच विचारा. टाळाटाळ दिसली तर दुसरे शोधा.

प्रौढांसाठी वेगळी सीएफ ओपीडी आपल्याकडे दुर्मीळ आहे. अनेकजणी अजून लहानपणच्या बालरोगतज्ज्ञांकडेच जातात. तसं असेल तर त्यांच्याकडून सविस्तर पत्र घ्या आणि मोठ्यांचे चेस्टवाले डॉक्टरही आत्ताच जोडून ठेवा. बालरोग विभागाला गरोदर बाईला ॲडमिट करता येत नाही, आणि हे ऐन तापात कळलं तर फार हाल होतात.

बाळंतपणाचं हॉस्पिटल निवडताना हे विचारा: मोठ्यांचं आयसीयू त्याच इमारतीत आहे का, लवकर जन्मलेल्या बाळासाठी एनआयसीयू आहे का, रात्री चेस्टचे डॉक्टर येतात का, भूलतज्ज्ञांना आधी भेटता येईल का. ठाणे, कळवा, वाशी, नेरुळ, बेलापूर या पट्ट्यात अशा सोयी असलेली मोठी हॉस्पिटलं आणि मेडिकल कॉलेजं आहेत. सगळं परळलाच करावं लागतं असं नाही. घोडबंदर रोडला राहत असाल तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ लागतो, ते एकदा जाऊन बघा.

फाइलमध्ये हे ठेवा:

- सीएफच्या निदानाचा कागद: घामाच्या (त्यातलं मीठ मोजणाऱ्या) चाचणीचा रिपोर्ट आणि जनुक रिपोर्ट
- नवऱ्याचा जनुक रिपोर्ट
- मागच्या एक-दोन वर्षांचे पीएफटी आणि थुंकीचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
- चालू औषधांची डोससकट यादी, सगळ्यात वर
- कुठल्या अँटिबायोटिकची ॲलर्जी आहे आणि मागच्या वेळी कशाने बरं वाटलं
- दोन्ही डॉक्टरांची पत्रं आणि फोन नंबर
- आधार कार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड, विम्याचे कागद

या सगळ्याचे फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्येही हवेत.

५. औषधं: कुठली चालू, कुठली बदलायची

हे फक्त डॉक्टरांशी बोलताना प्रश्न सुचावेत म्हणून.

अन्न पचवायला लागणाऱ्या एंझाइमच्या गोळ्या, म्हणजे क्रिऑन, चालूच राहतात. वाफेतून घ्यायचं सलाइन, बेडका पातळ करणारं डॉर्नेझ अल्फा आणि वाफेतून घ्यायची अँटिबायोटिक्स सहसा चालू ठेवतात, कारण ती रक्तात फार कमी उतरतात. डॉक्सिसायक्लिन टाळतात. बुरशीवरची काही औषधं, खास करून व्होरिकोनॅझोल, टाळतात. अमिकासिन-टोब्रामायसिनची इंजेक्शनं बाळाच्या कानांसाठी काळजीची, म्हणून गरज असेल तरच आणि रक्तातली पातळी मोजत देतात. छातीचा संसर्ग वाढला तर अँटिबायोटिकला उशीर करायचा नाही. न उतरलेला संसर्ग बाळाला जास्त वाईट.

अ जीवनसत्त्वाकडे नीट बघा. गरोदरपणात रेटिनॉल स्वरूपात ते दिवसाला १०,००० युनिटच्या आत ठेवतात. सीएफच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते असतंच, वर गायनॅक आणखी एक गोळी लिहून देतात आणि घरात कुणीतरी कॉड लिव्हर ऑइलची कॅप्सूल आणून ठेवतं. तिन्ही डब्या घेऊन डॉक्टरांपुढे ठेवा. फॉलिक ॲसिड मात्र दिवस राहण्याआधीपासूनच सुरू हवं.

६. मॉड्युलेटर आणि त्यांचे कागद

एलेक्साकाफ्टर-टेझाकाफ्टर-आयव्हाकाफ्टर हे तिहेरी मॉड्युलेटर औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं आणि त्यानंतर जगभर सीएफच्या बायकांची गरोदरपणं वाढली. आजवरचा अनुभव दिलासा देणारा आहे, आणि औषध मध्येच थांबवल्यावर अनेकींची छाती बिघडलेली दिसली आहे. म्हणून बरेच तज्ज्ञ ते चालू ठेवायला सांगतात. तरी हे दोघांनी मिळून, डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

आपल्याकडे ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते. त्यासाठी डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनसह केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे फॉर्म १२-ए भरायचा, मग १२-बी हा परवाना मिळतो. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या दुर्मीळ आजारांच्या औषधांना १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्कात सूट आहे, पण त्यासाठी आरोग्य संचालक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे कागद दिवस राहण्याआधी करा आणि हातात दोन महिन्यांचा साठा राहील असं बघा. आठव्या महिन्यात कस्टममध्ये अडकलेल्या पार्सलमागे फिरायची ताकद नसते.

दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात सीएफसाठीचं डॉर्नेझ आणि पोटेन्शिएटर (मॉड्युलेटरचाच एक प्रकार) औषधं यांचा उल्लेख आहे. मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे आणि अर्ज ठरलेल्या केंद्रांमार्फतच जातो. आपल्याला जवळचं केंद्र परळचं केईएम. वेळ लागतो, म्हणून नोंदणी लवकर करा.

७. वजन, साखर आणि मीठ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

वजन: नऊ महिन्यांत किमान ११ किलो वाढावं असं धरतात. उलट्यांच्या दिवसांत ते उतरतं. थोडं थोडं खा, आणि प्रत्येक वेळी एंझाइम घ्या. आई डिंकाचे लाडू पाठवते, सासूबाई वरणभातावर तुपाची धार धरतात. आपल्याला हे तूप खरंच हवं असतं, पण क्रिऑनशिवाय ते अंगी लागत नाही. मी लाडवाच्या डब्यातच क्रिऑनची छोटी डबी ठेवली होती, म्हणजे एकाला हात घातला की दुसरी आठवायची. बद्धकोष्ठ झालं, पोट फुगलं, उजव्या बाजूला दुखायला लागलं तर ‘गॅस असेल’ म्हणून बसू नका. सीएफमध्ये आतडं तुंबू शकतं.

साखर: गरोदरपणात एरवी बऱ्याच ठिकाणी उपाशीपोटी नसतानाही ग्लुकोज देऊन दोन तासांनी एकदाच रक्त घेतात. आपल्याला तेवढं पुरत नाही. उपाशीपोटी, एक तासाने आणि दोन तासांनी अशी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी १२ ते १६ आठवड्यांत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करून घ्या. ‘एचबीए-१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) नॉर्मल आहे, म्हणजे शुगर नाही’ हे सीएफमध्ये धरून चालत नाही. साखर निघाली तर उपाय इन्सुलिन. त्यासाठी खाणं तोडायचं नाही. भात-पोळी बंद करणारं ‘डायबेटिस डाएट’ आपल्याला घातक आहे.

मीठ: गरोदर बाईच्या पायांवर सूज दिसली की सगळे सांगतात, मीठ कमी कर, लोणचं-पापड बंद. सीएफमध्ये घामावाटे मीठ भराभर जातं. मे महिन्यात ऐरोली स्टेशनच्या पुलावरून उतरून घरी येईपर्यंत माझ्या ब्लाउजच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ उमटलेली असायची. मंगळसूत्राच्या मण्यांनाही खरखरीत पूड लागायची. अशा वेळी मीठ तोडलं तर सोडियम खाली जातं, गळून जायला होतं, पायात गोळे येतात, उलट्या होतात, आणि त्या डोहाळ्यांच्या समजून सोडून दिल्या जातात. एका डॉक्टरांनी मलाही कागदावर ‘मीठ बंद’ लिहून दिलं होतं. सीएफच्या डॉक्टरांनी आधी रक्तातले क्षार तपासले आणि मग ते वाक्य खोडलं. तुम्हीही असंच करा: सूज असेल तर बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासा, सोबत सोडियम-पोटॅशियम बघा, आणि दोन्ही डॉक्टरांना एकत्र ठरवू द्या.

नारळपाण्यावर भिस्त ठेवू नका. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत किंवा पाकिटावर लिहिलेल्या मापाने केलेलं ओआरएस बरं. ट्रान्स-हार्बर लोकलने प्रवास करताना ओआरएसची बाटली पर्समध्येच हवी.

८. फिजिओ आणि संसर्ग

पोट वाढलं की झोपून, डोकं खाली करून केलेला फिजिओ (छातीतला बेडका मोकळा करायचे व्यायाम) जमत नाही आणि घशाशी आंबट येतं. पाचव्या महिन्याच्या आतच फिजिओथेरपिस्टकडून बसून करायची पद्धत आणि पीईपीचं उपकरण (त्यात फुंकताना अडथळा येतो आणि बेडका सुटतो) शिकून घ्या. फिजिओ जेवणाआधी करा. खोकताना लघवी सुटत असेल तर लाजू नका, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम त्याच फिजिओकडून शिका. लघवी सुटेल म्हणून खोकला दाबणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि दाबलेला बेडका आत साठतो.

गायनॅकच्या ओपीडीत तासन्तास बसावं लागतं. पहिली अपॉइंटमेंट मागा, मास्क लावा, कुणी खोकत असेल तर बाहेर थांबा. सीएफच्या दुसऱ्या रुग्णाला प्रत्यक्ष भेटू नका, गप्पा फोनवर. पावसाळ्यात भिंतीला ओल, कपाटामागे बुरशी, गॅलरीत कबुतरांची विष्ठा, हे सगळं दुसऱ्या कुणाकडून तरी साफ करून घ्या आणि त्या वेळी घराबाहेर थांबा. डोहाळजेवण जरूर करा, पण छोटं आणि हवेशीर जागी. धूप-उदबत्ती नको.

थुंकीत रक्त, ताप, दोन पायऱ्यांत धाप, भूक मेलेली, बाळाची हालचाल कमी: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

९. सोनोग्राफी आणि रजा

प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ भरला जातो, ओळखपत्र न्या. गर्भजल किंवा सीव्हीएस करायचं असेल तर फॉर्म जीवर तुमची लेखी संमती लागते. जनुकीय आजारासाठी ही तपासणी कायद्याने चालते. लिंग सांगत नाहीत आणि विचारूही नये. गर्भपाताचा विचार करावा लागलाच तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं, ठरावीक परिस्थितीत २४ पर्यंत दोघांचं मत लागतं. जनुक रिपोर्ट यायला वेळ जातो, म्हणून तारखा आधीच मोजून ठेवा.

नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. गरोदरपणातून आलेल्या आजारासाठी आणखी एक महिना मागता येतो. त्यासाठी चेस्टच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

१०. बाळंतपण कुठे आणि कसं

सातव्या महिन्यात माहेरी जायची पद्धत आहे. माहेर गावाकडे असेल तर या वेळी आईलाच इकडे बोलवा. ऐन वेळी नवं हॉस्पिटल, नवे डॉक्टर आणि कुठेच नसलेली औषधं, हे फार अवघड होतं.

सीएफ आहे म्हणून सिझेरियनच करावं लागतं असं नाही. तब्येत ठीक असेल तर नॉर्मल होऊ शकतं, आणि एपिड्युरलने दम वाचतो. पूर्ण भूल शक्यतो टाळतात. भूलतज्ज्ञांना आठव्या महिन्यात भेटा, पीएफटी दाखवा. बॅगेत बाळाच्या दुपट्यांसोबत नेब्युलायझर, पीईपी, एंझाइम, सगळी औषधं आणि ओआरएस ठेवा. वॉर्डातल्या सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगा की एंझाइम जेवणासोबतच लागतं, औषधांच्या ठरलेल्या फेरीची वाट बघता येत नाही.

११. घरी आल्यावर

शेक-शेगडी आणि धुरी. ओवा, शेपा, धूप टाकलेल्या निखाऱ्यांची धुरी आपल्या फुप्फुसांना अजिबात चालत नाही, बाळाच्याही नाही. याबद्दल बाळंतपणाआधीच आई आणि सासूबाईंशी बोला, डॉक्टरांच्या तोंडून सांगितलं तर उत्तम. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे. तेल लावून मालिश करा, हलिवाची खीर खा, सव्वा महिना विश्रांती घ्या. फक्त धूर नको.

दूध पाजता येतं. सीएफच्या आईचं दूध खारट असतं हा समज चुकीचा आहे, त्यातले क्षार नॉर्मल असतात. मात्र पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात. वजन उतरायला लागलं तर वरचं दूध सुरू करण्यात काही कमीपणा नाही.

सीएफच्या आया बाळंतपणानंतर ढासळतात त्या बहुधा फिजिओ सुटल्यामुळे. बाळ रडलं की नेब्युलायझर बंद होतो आणि पुन्हा लागत नाही. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी बाळ कुणी घ्यायचं, हे आधीच वाटून घ्या. आमच्याकडे संध्याकाळी सात ते आठ मुलगी तिच्या बाबांकडे असते, मग ती कितीही रडो. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत साखरेची तपासणी पुन्हा करा, आणि पीएफटीची तारीख हॉस्पिटलमधून निघतानाच घ्या.

१२. बाळाच्या तपासण्या

नवऱ्याच्या पूर्ण जनुक तपासणीत काही सापडलं नसेल तर बाळाला सीएफ असण्याची शक्यता अगदी कमी असते. तपासणी झालीच नसेल किंवा तो वाहक असेल, तर बालरोगतज्ज्ञांना जन्माआधीच सांगा. बाळाने पहिल्या एक-दोन दिवसांत शी केली नाही, पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली, तर लगेच कळवा. घामाची चाचणी बाळ दोन किलोच्या वर आणि काही आठवड्यांचं झाल्यावर करतात, जनुक तपासणी लगेचही होते.

गरोदरपणात मॉड्युलेटर चालू असतील तर बाळाच्या डॉक्टरांना ते लेखी द्या. आईच्या गोळ्यांमुळे नवजात बाळाची टाचेच्या रक्ताची सीएफची चाचणी खोटी नॉर्मल येऊ शकते, म्हणून जनुक रिपोर्टच मागा. बाळाच्या लिव्हरची रक्ततपासणी आणि डोळ्यांची तपासणीही करून घ्या, आणि तुम्ही पाजत असताना गोळ्या चालू असतील तर ती केव्हा पुन्हा करायची, ते त्याच कागदावर लिहून घ्या.